मांडुळाची किंमत

गोडी छाटणीचे दिवस होते. वणीजवळच्या एका द्राक्षबागेत ठिबकची जुनी मेनलाइन बदलण्यासाठी चर खणताना फावड्याबरोबर एक मांडूळ वर आलं. बागेच्या मालकांनी ते घमेल्यात घेतलं, पलीकडच्या बांधाखाली भुसभुशीत मातीत सोडलं आणि दोघा मजुरांना बजावलं, की गावात शब्द काढायचा नाही. त्यांची भाची नाशकात प्राणिशास्त्र शिकवते. नवरात्रात वणीच्या गडावर देवीचं दर्शन करून ती मामांकडे उतरली होती. संध्याकाळी तिला हे कळलं आणि ती उखडली. फोटो नाही, मोजमाप नाही, वनखात्याला कळवणं नाही! मामांचं म्हणणं, कळवलं नाही म्हणून तर ते जिवंत आहे. दोघंही मागे हटेनात. मी पाहुणा, चहा घेत ऐकत होतो.

मामा : तू शास्त्र शिकवते ना, मंग आधी हे सांग. तोंडं किती त्याला?

भाची : एकच. तुम्हालाही माहीत आहे.

मामा : मला माहीत आहे. गावाला नाही. आमचे वडील सांगायचे, सहा महिने इकडून चालतं, सहा महिने तिकडून. मी काही उलटं चालताना कधी बघितलं नाही, पण म्हाताऱ्या माणसाला कोण सांगणार?

भाची : त्यांचा तरी काय दोष? शेपूट आहेच तशी, बोथट, जाड, डोक्याएवढी. ते पळू शकत नाही, विष नाही, चावायलाही फारसं राजी नसतं. मग करणार काय? अंगाचं वेटोळं करतं, डोकं त्याच्या खाली दडवतं आणि शेपूट वर काढून हळूहळू हलवतं. मारणारा त्या शेपटीवर तुटून पडतो. शेपटीला जखम झाली तर भरून येते, डोकं गेलं तर सगळंच गेलं. म्हणून मोठ्या मांडुळांच्या शेपटीवर जुने व्रण दिसतात. गारुडी त्याच शेपटीवर चटके देऊन डोळे आणि तोंड काढायचे, लोकांना दुसरं तोंड दाखवायला.

मामा : म्हणजे त्यानं जीव वाचवायला केलेलं सोंग त्याच्याच जिवावर आलं.

हे वाक्य मामा सहज बोलून गेले, पण मांडुळाची सगळी कहाणी त्यात आहे. मुंगसाला फसवायला कमावलेली शेपूट माणसाला फसवत राहिली आणि माणसानं तिच्यावर भलताच हिशोब मांडला. तो हिशोब पुढे येईलच. आधी प्राणी.

भाची : हे बोआच्या घराण्यातलं. दक्षिण अमेरिकेतला अ‍ॅनाकोंडा याचा चुलत भाऊ. तो पाण्यात वाढून अवाढव्य झाला, हे मातीत शिरून आखूड राहिलं. फार तर साडेतीन-चार फूट, त्यातही मादी मोठी, नर लहान. तुम्ही घमेल्यात उचललंत तेव्हा तोंड बघितलंत का? वरचा ओठ पाचरीसारखा पुढे आलेला, मान अशी नाहीच, डोळे बारीक आणि बाहुली उभी. खवले इतके बारीक आणि गुळगुळीत की माती चिकटत नाही. आणि गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना नखासारखे दोन काटे, मागच्या पायांचे उरलेले. नराचे जरा ठळक असतात.

मामा : पाय? सापाला?

भाची : होते कधीकाळी. अजगरालाही ते काटे असतात. धामणीला, नागाला नसतात, त्यांच्या घराण्यांनी पायांची खूणही ठेवलेली नाही.

मामा : अंडी कुठं घालतं मंग? इतकी वर्षं माती उकरतोय, मला तर कधी सापडली नाहीत.

भाची : सापडणारच नाहीत. पिल्लंच होतात, पावसाळ्याच्या तोंडाला किंवा पावसाळ्यात. एका वेळेला साधारण पाच-सहापासून डझनभरापर्यंत. पिल्लू वीतभर, आणि त्याच्या मागच्या अंगावर काळपट पट्टे. मोठं होताना ते पुसट होत जातात. लोक पट्टे बघतात, मण्यार समजून ठेचतात.

मामा : ठेचतात. मीही ठेचलं असतं, खोटं कशाला बोलू?

त्यानंतर गोष्ट निघाली विळख्याची. मामांना वाटत होतं की आवळून मारायला साप अजगराएवढा लागतो. भाचीचा आवाज इथे वर्गातल्यासारखा झाला, आणि मला ते आवडलं, कारण ती खरोखर रंगली होती.

भाची : ते मातीत दडून बसतं, वर फक्त डोक्याचा शेंडा. बाहेरून कान नाहीत, पण जमिनीतून येणारी कंपनं जबड्याच्या हाडातून कळतात. उंदीर टप्प्यात आला की झडप. एरवी इतकं मंद जनावर, पण त्या क्षणी बघा! दात बारीक आणि आत वळलेले, ते फक्त धरून ठेवायला. धरलं की विळखा पडलाच. बिळात पुरता विळखा घालायला जागा नसेल, तर भक्ष्याला भिंतीशी दाबतं. फार वर्षं पुस्तकांत होतं की श्वास कोंडून उंदीर मरतो. अमेरिकेत स्कॉट बोबॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या बोआवर प्रयोग केले. 2015 मध्ये त्यांनी दाखवलं, की विळखा पडल्यावर काही सेकंदांतच उंदराचा रक्तप्रवाह कोलमडतो. हृदय आणि मेंदू आधी जातात, श्वासाची पाळी येतच नाही.

मामा : बोआवर केला. याच्यावर कुठं केला?

भाची : घराणं एक, आवळायची रीत एक. आणि त्याआधीचा 2012 चा प्रयोग ऐका. मेलेल्या उंदराच्या शरीरात खोटं हृदय बसवलं आणि तो सापाला दिला. खोटं हृदय धडधडत होतं तोवर सापानं आवळणं सोडलं नाही. धडधड थांबवली, तसा विळखा सैल पडला. म्हणजे तो भक्ष्याची नाडी बघत असतो.

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी अगदी शेतकऱ्याचा प्रश्न काढला.

मामा : नाडी बघतो, ठीक आहे. महिन्याला उंदीर किती खातो?

भाची : पंधरवड्यात एखाद-दुसरा. थंडीत त्याहून कमी.

मामा : आणि एका उंदरिणीला एका वेळेला पिल्लं आठ-आठ. तीन आठवड्यांत ती परत व्यायला तयार. माझ्या ठिबकच्या नळ्या किती ठिकाणी कुरतडल्या ते उद्या दाखवतो. कांदा चाळीत वेगळाच धिंगाणा. तुमचे ते फलक लावता ना, साप शेतकऱ्याचा मित्र म्हणून, तो हा मित्र? पंधरा दिवसांनी एक उंदीर खाणारा?

भाची : एकट्या मांडुळावर तुमची बाग राहणार नाही, हे मान्य. पण घुबड बिळात शिरत नाही. धामण शिरते, पण ती जागच्या जागी थांबत नाही, हिंडत असते. हे बिळाच्या तोंडाशी राहतं आणि आत जाऊन पिल्लंही खातं. घुबड, धामण, मुंगूस, कोल्हा आणि हे, असे पाच-सहा जण मिळून उंदरांवर वचक असतो. त्यातला एकेक काढत गेलात तर उरतं फक्त विषाचं आमिष. आणि आमिष खाऊन लटपटणारा उंदीर सगळ्यात आधी कोणाच्या तोंडात जातो?

मामा : जाईल. पण उद्या बाजारात चांगलं औषध आलं, स्वस्त आलं, तर तुझा मित्र बिनकामाचा झाला ना?

इथे मी मामांच्या बाजूचा. ‘शेतकऱ्याचा मित्र’ हा शिक्का आपण सापांवर मारतो तो चांगल्या हेतूनं, पण तो कामावर ठेवलेल्या गड्याचा हिशोब आहे. काम संपलं की गडी घरी. मांडूळ या माळावर कोणाच्या कामासाठी आलेलं नाही. सह्याद्रीच्या या पूर्व उतारावर, मुरमाच्या टेकड्या आणि कोरड्या गवतात ते द्राक्षाची पहिली वेल लागण्याआधीपासून आहे. भारत, पाकिस्तान, इराण असा कोरडा पट्टा त्याचा. शास्त्रीय नाव एरिक्स जॉनाय. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगंबाडीला डॅनिश वसाहतीत सी. एस. जॉन नावाचे पाद्री होते, त्यांच्यावरून पॅट्रिक रसेल यांनी 1801 मध्ये ते दिलं. हे रसेल ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले वैद्य. योगायोग असा की त्यांचंच नाव घोणसीलाही चिकटलं, इंग्रजीत तिला रसेल्स व्हायपर म्हणतात ते त्यामुळेच. आणि वादाची गाडी आता घोणसीवरच येणार होती.

मामा : मांडुळाचं एक ठेव बाजूला, ते ओळखू तरी येतं. डुरक्याचं काय करायचं? तोही तुझा बोआच ना?

भाची : हो, डुरक्या घोणस. नावात घोणस, अंगात विषाचा थेंब नाही. मांडुळाचा सख्खा नातेवाईक, त्याहून आखूड, जाड, दीड-दोन फुटांचा. तोही आवळूनच मारतो.

मामा : माझ्या बागेत छाटणीला, थिनिंगला, डिपिंगला बाया येतात, पेठ-सुरगाण्याकडच्या. उजाडायच्या आत कामाला लागतात. वेलीच्या बुडाशी पालापाचोळा, त्यात ठिपक्याठिपक्यांचं जाडसर जनावर पडलेलं. त्या वेळेला मी काय चष्मा लावून तुझं पुस्तक उघडू? मी दांडा घेतो. मागं घेतला, पुढंही घेईन. एका बाईच्या जिवापुढं मला डुरक्याची किंमत नाही.

भाची : बाईच्या जिवापुढं मलाही नाही. पण दांडा उगारायला जवळ जावं लागतं ना, मामा? आणि जवळ जाणाऱ्यालाच साप चावतो. घोणस असेल तर ती कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार सोडते आणि उसळून चावते. फरक सांगते. घोणसीच्या पाठीवर लांबट गोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, साखळीच्या कड्यांसारख्या, एका मापाच्या. डोकं त्रिकोणी, मान वेगळी दिसते, शेपूट हळूहळू बारीक होत जाते. डुरक्याच्या अंगावर डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले. मान नाही. शेपूट एकदम आखडलेली, टोकाशी खरखरीत. पण हे मी तुम्हाला हातात घेऊन बघण्यासाठी सांगत नाही.

मामा : मंग कशासाठी?

भाची : दिवसाउजेडी, लांबून, मारण्याआधी एकदा बघा, एवढ्यासाठी. उलटी चूक जास्त वाईट. डुरक्या आहे किंवा अजगराचं पिल्लू आहे म्हणून लोक घोणस उचलतात. अंधारात ओळखायच्या भानगडीत पडूच नका. कामावर येणाऱ्या बायांना गमबूट द्या, बॅटरी द्या, आधी काठीनं पाचोळा हलवायला लावा. इतकं करून चावलाच, तर दोरी आवळणं नाही, चिरा नाही, मांत्रिक नाही, थेट सरकारी दवाखाना. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर लस एकच आहे.

मामा : गमबूट घालून बाया काम करतील?

भाची : तुम्ही आधी विचारा तरी.

मामांनी उत्तर दिलं नाही. गमबुटांचा खर्च कोणी करायचा हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर होता, आणि तो क्षुल्लक नाही. पण रात्रीच्या पाण्याला जाणाऱ्या माणसाच्या पायात चप्पल आणि हातात मोबाइलचा उजेड, हे चित्र दिंडोरी तालुक्यात कुठेही दिसेल. एका हंगामाच्या फवारणीच्या बिलापुढे गमबुटांचं बिल काहीच नाही. डुरक्या वाचायचा असेल तर तो फलकांनी वाचणार नाही, बुटांनी वाचेल.

आता मूळ भांडण.

भाची : ठीक. पण आजचं मांडूळ का लपवलंत? कायद्यानं संरक्षित प्राणी आहे. 1972 चा वन्यजीव कायदा. पकडणं, बाळगणं, विकणं, सगळा गुन्हा. तुम्ही तर त्याला वाचवलंत, मग भीती कसली?

मामा : भीती माझी नाही, त्याची. इथून बातमी फुटली की आठ दिवसांत माझ्या बांधावर रात्री बॅटऱ्या फिरतील. एक सापडलं म्हणजे दुसरं असणार, या हिशोबानं बांध उकरून टाकतील. पेपरात छापून येतं ना, अमुक कोटीचं मांडूळ पकडलं! ते वाचून ज्याच्या डोक्यात नव्हतं त्याच्याही डोक्यात येतं.

भाची : तस्करी आहे हे लपवून ती थांबत नाही. वाइल्डलाइफ कॉन्झर्वेशन सोसायटीच्या भारतातल्या शाखेनं 2016 ते 2021 या काळातल्या बातम्यांवरून मोजदाद केली. मांडूळ पकडल्याची 172 प्रकरणं, 18 राज्यांत आणि एका केंद्रशासित प्रदेशात. त्यातली 59 एकट्या महाराष्ट्रातली, देशात सगळ्यात जास्त. त्यातली बरीच पुणे, ठाणे, रायगड, मुंबई उपनगर अशा शिकलेल्या माणसांच्या जिल्ह्यांतली. हे आकडे पुढे आले नसते तर कोणी लक्षच दिलं नसतं.

मामा : शिकलेली! म्हणजे गाव अडाणी म्हणून होतं असं नाही.

भाची : नाहीच. सगळा धंदा मोबाइलवर चालतो. मोजदाद करणाऱ्या त्याच संस्थेनं 2021 मध्ये विक्रीच्या जाहिरातीवजा सुमारे 200 व्हिडिओ यूट्यूबवर मोजले.

मामा : मला एक सांग. मांडूळ गुप्तधन दाखवतं म्हणून घेतात म्हणे. ज्याच्याकडं साप घ्यायला दोन कोटी आहेत, त्याला गुप्तधन कशाला पाहिजे? शेवटचा गिऱ्हाईक कोणी बघितलाय का? हा त्याला विकतो, तो त्याला, प्रत्येकाला वाटतं पुढचा येडा मोठा आहे.

भाची : आणि वजन! म्हणे दोन-अडीच किलोच्या वरचं पाहिजे. बहुतेक मांडुळं त्याच्या निम्म्यालाही पोचत नाहीत. मग त्याला बेअरिंगचे छर्रे गिळायला लावतात. आवळून खाणाऱ्या प्राण्याच्या पोटात लोखंड भरायचं आणि काट्यावर ठेवायचं.

मामा : म्हणून म्हणतो, मातीत होतं, मातीत राहू दे. त्याला कोणाची ओळख नको.

भाची : ओळख नसली तर तुमचा जेसीबी त्याला ओळखेल. मागच्या उन्हाळ्यात वरचा माळ सपाट केलात ना? तिथे किती मांडुळं होती, कोणाला माहीत? तस्कर एक नेतो, मामा. माळ उकरला की सगळी जातात. रोटाव्हेटरखाली किती चिरडली जातात ते तर दिसतही नाही. आययूसीएनच्या लाल यादीत हे संकटाच्या उंबरठ्यावरच्या प्राण्यांत गेलं आहे. कुठे आहे हे लिहूनच ठेवलं नाही, तर संपलं हे तरी कशावरून कळणार?

हा घाव लागला. मामा उठून ओसरीच्या कडेला गेले, तंबाखू मळली, परत आले.

मामा : माळ सपाट केला. बँकेचा हप्ता तुझ्या लाल यादीला कळत नाही. पण पलीकडचा बांध आणि त्याच्या वरची दगडाची पट्टी मी ठेवलीय. तिथं नांगर जात नाही, औषधही जात नाही. आज सोडलं ते तिथंच सोडलं.

भाची : हे आधी का नाही सांगितलंत?

मामा : तू फोटो, फोटो करत होती.

भाची : फोटो पाहिजेच. पण जागेचा पत्ता उघड करायचा नसतो, ही आमच्याकडची रीत आहे. धोक्यातल्या प्राण्याची नोंद ठेवताना नेमकं ठिकाण झाकतात. तालुका लिहू, शिवार नाही.

मामा : मोबाइलच्या फोटोत जागा आपोआप येते म्हणतात.

भाची : येते. ती काढून टाकू.

मामा : तू काढशील. तुझे विद्यार्थी?

या प्रश्नावर भाचीकडे उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं त्या संध्याकाळचा सगळ्यात खरा प्रश्न तोच होता. प्राणी वाचवायला लोकांना तो माहीत हवा, आणि माहीत झाला की त्याचा भाव फुटतो. वाघाच्या बाबतीत हे चालून जातं, त्याच्याभोवती पहारा असतो. बांधाखालच्या सापाला पहारा कोण देणार? मामांच्या गप्प बसण्यानं त्यांच्या बागेतलं मांडूळ वाचेल, तालुक्यातली वाचणार नाहीत. भाचीच्या नोंदींनी तालुक्याचा हिशोब लागेल, पण एखादा बांध उघडा पडेल. दोघांपैकी एकाला निवडा असं कोणी म्हटलं, तर आजच्या घडीला मी मामांचा बांध निवडीन. नोंदी मागाहून करता येतात, नांगरलेला माळ परत आणता येत नाही.

राहिला त्या भावाचा प्रश्न, आणि तो शेतकऱ्याच्या किंवा प्राध्यापकाच्या हातातला नाही, आम्हा लिहिणाऱ्यांच्या हातातला आहे. गुप्तधन शोधण्याच्या नावाखाली चालणाऱ्या अघोरी प्रकारांना महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा ठरवलं. तो कायदा यावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभं आयुष्य घातलं आणि त्यांच्या खुनानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला. तरीही मांडुळाच्या बातमीचा मथळा पोलिसांना आरोपीनं सांगितलेला आकडा घेऊनच येतो. तो आकडा कोणत्याही बाजारात ठरलेला नसतो, एका फसवणाऱ्यानं दुसऱ्याला सांगितलेला असतो. आपण तो छापतो तेव्हा त्याच्यावर शिक्का बसतो. आरोपी किती, कलम कोणतं, साप जिवंत आहे की नाही, एवढं छापा. किंमत छापू नका, कारण ती नाही.

आणि वाचणाऱ्यांसाठी एवढंच. शेतात मांडूळ निघालं तर उचलून मिरवू नका, जवळच्या पडीक बांधाकडे जाऊ द्या आणि त्या दिवशी तिथे यंत्र फिरवू नका. घरात, चाळीत किंवा गोदामात शिरलं असेल, कोणी विकायला काढलं असेल, तर महाराष्ट्र वनविभागाचा मोफत क्रमांक 1926 आहे.